हॉल आहे, तारीख नाही. तारीख आहे, कोर्ट बसत नाही

पुण्यात व्यावसायिक बास्केटबॉल संघ काढायचा म्हटलं की चर्चा खेळाडूंपासून सुरू होते. प्रशिक्षक कोण, बाहेरचे खेळाडू किती, जर्सीचा रंग कुठला. घरचे सामने कुठे खेळायचे हे कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "बालेवाडी आहे की." बालेवाडी, म्हणजे तिथलं मोठं क्रीडा संकुल, आहेच. पण ती वर्षातले बारा-पंधरा दिवस, हव्या त्या वारी, चार महिने आधी पक्की मिळणं ही निराळी गोष्ट आहे. नव्या क्लबची दमछाक होते ती इथेच. शहरात हॉल कमी नाहीत. बास्केटबॉलच्या मापाचा आणि तारखा देणारा हॉल मात्र विरळा.

आधी मापाचं बघू, कारण अर्धे पर्याय टेप लावल्याबरोबर गळतात.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार कोर्ट २८ बाय १५ मीटर. त्याच्या चारही बाजूंनी किमान २ मीटर मोकळी जागा लागते आणि त्यात खांब, भिंत, जाहिरातीचा बोर्ड, बेंचवर बसलेल्यांचे पाय, काहीही येता कामा नये. म्हणजे झाले ३२ बाय १९. उंची ७ मीटर, तीही छतापर्यंत नव्हे तर सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत. हॉलवाला "तीस फूट हाइट आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पत्रा असतो. त्याखालचे ट्रस, पंखे आणि एसीचे डक्ट त्याने धरलेले नसतात.

आता यात स्कोअररचं टेबल आणि दोन्ही संघांचे बेंच बसवा. ते त्या दोन मीटरच्या पलीकडे येतात, म्हणजे एका बाजूला आणखी अडीच-तीन मीटर. रुंदी गेली २२ वर, आणि प्रेक्षक अजून बाहेरच उभा आहे.

लांबीत वेगळीच अडचण. रिंगमागच्या बोर्डाचा पुढचा भाग बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, आत १.२ मीटरवर असतो आणि तो बोर्ड धरणाऱ्या स्टँडचा पाया, गादीसकट, लाइनच्या बाहेर किमान २ मीटरवर. त्यामुळे हायड्रॉलिक स्टँडचा हात ३.२५ मीटरचा असतो. तो तोलून धरायला मागे वजन लागतं आणि तो पाया आणखी दोन-अडीच मीटर खातो. दोन्ही टोकांचं मिळून कोर्टाची खरी लांबी ३६-३७ मीटर होते. भिंतीवर बोर्ड बसवला तर ही जागा वाचते, पण तो विटांच्या भिंतीत बोल्ट ठोकून बसवला तर पहिल्या दहा डंकमध्ये (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्यात) फ्रेम हलायला लागते. आरसीसी कॉलमला धरून स्टीलची चौकट केली तरच तो टिकतो.

पुण्यात सगळ्यात जास्त सापडणारा मोठा हॉल म्हणजे चार कोर्टांचा बॅडमिंटन हॉल. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर. चार कोर्टं शेजारी शेजारी, मध्ये आणि कडेला दोन-दोन मीटर धरले तर लांबी ३४.४ मीटर होते. बोर्ड भिंतीवर बसवले तर पुरते. रुंदी मात्र १३.४ अधिक मागेपुढे दोन-दोन, म्हणजे १७.४. आपल्याला टेबल-बेंच सोडूनच १९ हवेत. दीड मीटर कमी पडतो, आणि हा उदारपणे बांधलेल्या हॉलचा हिशेब आहे. बहुतेक खासगी हॉलमध्ये बॅडमिंटन कोर्टामागे दीड मीटरही सुटलेला नसतो. मग "बाजूची जागा थोडी कमी करू या का" ही सूचना हमखास येते. करू नये. साइडलाइनवर चेंडूमागे धावलेला नव्वद किलोचा खेळाडू दोन मीटरमध्ये कसाबसा थांबतो. सव्वा मीटरमध्ये तो भिंतीला लागतो.

बॅडमिंटन हॉलची दुसरी खोच दिव्यांत आहे. तिथले दिवे दोन कोर्टांच्या मधोमध, कोर्टाच्या लांबीच्या दिशेने लावलेले असतात, म्हणजे वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. बास्केटबॉलचं कोर्ट याच हॉलमध्ये आडवं पडतं. दिव्यांच्या त्याच रांगा आता बेसलाइनला समांतर होतात आणि त्यातली एखादी बरोबर बोर्डाच्या वर येते. फ्री थ्रो मारणारा रिंगकडे बघतो तेव्हा समोर पांढरा पट्टा. एन १२१९३ या युरोपियन मानकात वरच्या दर्जाच्या सामन्यांसाठी ७५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) धरले आहेत. पण आकडा गाठूनही दिवा चुकीच्या जागी असेल तर शूटर शिव्याच देणार. लक्स मोजताना भाड्याने खरं लक्समीटर आणा आणि कोर्टावर चौकटी आखून जमिनीपासून एक मीटर उंचीवर मोजा. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका.

यावर सगळ्यात चांगलं उत्तर पॅरिसमध्ये दिसतं. पॅरिस बास्केटबॉल हा क्लब २०१८ मध्ये निघाला आणि पहिली काही वर्षं तेराव्या विभागातल्या जुन्या कारपॉंतिए हॉलमध्ये खेळला. २०२४ मध्ये त्याला आदिदास अरेना मिळाली. त्याच अरेनात पॅरिस ऑलिंपिकचं बॅडमिंटन झालं. हॉल बांधतानाच बास्केटबॉलचं माप धरलं तर बॅडमिंटन त्यात आरामात मावतं. उलटं होत नाही. आपल्याकडे नगरपालिका आणि शिक्षणसंस्था नवे हॉल बांधतात तेव्हा रुंदीचे तीन-चार मीटर वाचवतात आणि पुढची चाळीस वर्षं तो हॉल एका खेळापुरता उरतो.

आता बालेवाडी. म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. प्रो कबड्डीमुळे तिथला इनडोअर हॉल टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलाय, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. कबड्डीची मॅट १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. बास्केटबॉलला मोकळ्या जागेसकट ६०८ लागतात. कबड्डीत मॅटभोवती ज्या तात्पुरत्या खुर्च्या आणि स्टँड मांडतात, त्यातला बराच भाग आपल्याला उचलावा लागतो. म्हणून कबड्डीच्या वेळची क्षमता विचारून तिकिटांचं गणित मांडू नये. हॉलच्या नकाशावर ३२ बाय १९ ची चौकट काढून, उरलेल्या जागेत खुर्च्या मोजून, मग आकडा बोलावा.

मापाचा प्रश्न सुटला तरी तारखांचा उरतोच. सरकारी संकुलाच्या भाडेकरारात "शासकीय कामासाठी जागा लागल्यास आरक्षण रद्द होईल" अशा अर्थाचं कलम असतं, आणि ते नुसतं कागदावर नसतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मावळचं मतदान १३ मे रोजी झालं आणि मतमोजणी ४ जूनला बालेवाडीच्याच संकुलात. मधले तीन आठवडे मतदानयंत्रं कुलपात आणि बाहेर पहारा. अशा वेळी हंगामाचं वेळापत्रक दाखवून काही उपयोग नाही. त्यात राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, शालेय स्पर्धा, शिबिरं. व्यावसायिक क्लबचा नंबर या सगळ्यांनंतर, आणि सरकारी पैशाने बांधलेल्या हॉलमध्ये ते मला तरी चूक वाटत नाही.

नाव असलं म्हणून हे सुटतं असंही नाही. पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला, चाहते भरपूर. तरी २०२५ चा बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाला आणि पलटणला घरचा एकही सामना मिळाला नाही. बास्केटबॉलमध्ये २०१५ ला सुरू झालेल्या यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) या भारतीय लीगमध्ये पुणे पेशवाज हा संघ होता. आज त्याचं नाव सांगितलं तर किती पुणेकरांना तो कुठे खेळायचा हे आठवेल? शहराचं नाव जर्सीवर छापणं सोपं. दर दुसऱ्या शनिवारी त्याच दाराने आत जाणं ही सवय, आणि ती सवय लागायला दार एकच असावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नव्या क्लबने मोठ्या हॉलच्या मागे लागू नये. आठशे ते बाराशे प्रेक्षकांचा कॉलेजचा किंवा संस्थेचा हॉल, तीन वर्षांचा करार आणि ठरलेला वार, हे बालेवाडीच्या दोन झगमगीत रात्रींपेक्षा जास्त मोलाचं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स लायन्सला शहरात कायमची जागा मिळेना म्हणून २०१२ मध्ये क्लब लंडनला हलवावा लागला. तोच आजचा लंडन लायन्स. नाव उरलं, गाव सुटलं.

कॉलेजच्या हॉलचे नखरे वेगळे. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे परीक्षांचे. तेव्हा हॉलमध्ये बाकं लागतात आणि क्लबने आपला स्टँड कुठे न्यायचा हा क्लबचा प्रश्न. कॅम्पसमध्ये रात्री बाहेरची माणसं नकोत, म्हणून प्राचार्य काचकूच करतात, आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय म्हणजे रस्त्याकडचं वेगळं गेट, सामना संपल्यावर पाऊण तासात आवार रिकामं करण्याची लेखी हमी, आणि वसतिगृहाकडे जाणारी वाट बंद. संस्थेला रोख भाड्यापेक्षा वस्तूचं आकर्षण जास्त असतं. क्लबने लाकडी फ्लोअर आणि बोर्ड बसवून द्यायचे, कॉलेजने ते वर्षभर वापरायचे आणि त्या बदल्यात क्लबला ठरलेल्या तारखा द्यायच्या, असा सौदा बहुधा जमतो. मात्र फ्लोअरची मालकी कोणाची, पाणी मुरलं तर दुरुस्ती कोणाची आणि त्यावर स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या ओढायच्या की नाही, हे तीन मुद्दे सहीआधी लिहून घ्या. तिसरा विनोदी वाटतो. लोखंडी खुर्चीचा पाय एका संध्याकाळीत फ्लोअरचं पॉलिश काढतो.

फ्लोअरबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी नासाडी इथेच होते.

उचलता येणारा मेपलचा फ्लोअर साधारण चार बाय आठ फुटांच्या तुकड्यांत येतो. ३२ बाय १९ मीटरला असे दोनशे-सव्वादोनशे तुकडे लागतात. एकेक तुकडा ऐंशी किलोच्या घरात, म्हणजे एकूण सोळा-सतरा टन. लावायला बारा-पंधरा माणसं आणि सरावलेली असली तरी चार-पाच तास; पहिल्या वेळी पूर्ण दिवस धरा. तुकड्यांना क्रमांक असतात आणि ते त्याच क्रमाने लागतात. मांडव घालणारी माणसं चटपटीत खरी, पण त्यांना घाईत क्रमांक दिसत नाहीत. मग शेवटच्या रांगेत पाच मिलिमीटरची फट निघते आणि अख्खी रांग परत उचलावी लागते.

पुण्याची हवा या लाकडाला मानवत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो, तर एप्रिलच्या दुपारी तीसच्या खाली. मेपलला पस्तीस ते पन्नास टक्के झेपतं. पत्र्याच्या गोदामात जुलै काढलेला फ्लोअर ऑक्टोबरमध्ये लावायला घेतला तर तुकडे फुगलेले असतात आणि खाचेत बसत नाहीत. हातोड्याने बसवले तर उन्हाळ्यात फटी पडतात. तुकडे जमिनीपासून वर, ट्रॉलीवर, डीह्युमिडिफायर असलेल्या बंद खोलीत ठेवावेत आणि सामन्याच्या हॉलमध्ये शक्यतो दोन-तीन दिवस आधी आणून ठेवावेत. हे जमणार नसेल तर लाकडाचा नादच नको.

स्वस्तातला पर्याय म्हणजे सात-आठ मिलिमीटरचा पीव्हीसी रोल. सपाट कोब्यावर तो चांगला चालतो. पण खालचा कोबा दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खोल असला तर तिथे चेंडू मरतो, आणि जोड वेल्ड न करता टेपवर भागवले तर जोरात थांबणाऱ्या खेळाडूच्या बुटाखाली टेप सुटते. प्लास्टिकच्या जोड-टाइल्स उघड्या कोर्टावर ठीक. ओल्या झाल्या की घसरतात आणि चेंडूचा आवाज पोकळ येतो. फ्लोअर कुठलाही असो, एक चाचणी फुकट आहे: योग्य हवा भरलेला चेंडू १.८ मीटरवरून सोडा. त्याची वरची कड १.२ ते १.४ मीटरपर्यंत उसळली पाहिजे. दर दीड मीटरवर हे करा आणि जिथे कमी उसळतो तिथे खडूने फुली मारा. दोन्ही रिंगांसमोर एकही फुली चालणार नाही.

भाड्याच्या हॉलमध्ये हायड्रॉलिक स्टँड आत नेताना त्याच्या चाकांखाली १८ मिलिमीटरचं प्लायवूड अंथरा. एक टनाच्या वर वजन चार चाकांवर येतं आणि हॉलच्या लाकडी फ्लोअरवर चर उमटतात. डिपॉझिट अडकतं ते बहुधा याच कारणासाठी. एक जादा काचेचा बोर्ड, एक जादा रिंग आणि २४ सेकंदांच्या घड्याळाचा एक जादा संच हॉलमध्येच ठेवा. "दुकानातून मागवू" हे शनिवारी संध्याकाळी सात वाजता चालत नाही.

एका शनिवारच्या सामन्यासाठी हॉल किती वेळ लागतो? शुक्रवारी सकाळी फ्लोअर, संध्याकाळी बोर्ड आणि घड्याळांच्या तारा, शनिवारी सकाळी दोन्ही संघांना एकेक तास सराव, संध्याकाळी सामना, रात्री उचलाउचल. दोन तासांच्या खेळासाठी दोन दिवसांचं भाडं. म्हणून लीगशी बोलून घरचे सामने शनिवार-रविवार जोडून घ्यावेत. मांडणी एकदाच, भाडं तीन दिवसांचं, सामने दोन. समजा हजार खुर्च्या, साठ टक्के भरल्या, तिकीट ३०० रुपये. सामन्याला एक लाख ऐंशी हजार येतात. त्यातून भाडं, मजुरी, जनरेटर, सुरक्षारक्षक वजा करा म्हणजे जोडसामना का हवा ते कळेल. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर त्यावर जीएसटी लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

उघड्या कोर्टाचा मोह पुण्यात फार. शहराचं बरंचसं बास्केटबॉल उघड्यावर वाढलंय. पण रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणजे सामना सातच्या आत सुरू व्हायला हवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री कोर्टावर दव धरतं आणि चौथ्या क्वार्टरला, नेमका सामना तापलेला असताना, पोरं घसरायला लागतात. पुसायला चार मुलं उभी केली तरी सिमेंटवरचं दव पुसून जात नाही, नुसतं पसरतं.

मधला मार्ग जर्मन हँगरचा, म्हणजे धातूच्या सांगाड्यावरच्या मोठ्या तंबूचा. प्रदर्शनं आणि लग्नांसाठी लागतो तोच. तीस मीटर रुंदीचा घेतला, कडेची उंची चार मीटर आणि उतार अठरा अंशांचा असेल तर मधोमध जवळपास नऊ मीटर मिळतात, पण साइडलाइनवर साडेसहाच. कडेची उंची पाच मीटर मागितली की तिथे साडेसात होतात आणि काम भागतं. कॉन्ट्रॅक्टर सवयीने चारचा पाठवतो; ऑर्डरवर आकडा लिहा. डांबरावर किंवा कोब्यावर खुंट्या ठोकता येत नाहीत, तिथे काँक्रीटचे ठोकळे लागतात आणि वळवाच्या वाऱ्यात तेही कमी पडू शकतात, म्हणून एप्रिलनंतर हँगर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवामान उत्तम, पण तेव्हाच लग्नसराई. बुकिंग पावसाळ्यातच करा.

परवानग्यांमध्ये पोलीस, अग्निशमन, तिकीटविक्री आणि गाणी वाजवायचा परवाना हे नेहमीचं. सगळ्यात जास्त अडतं ते अग्निशमनात, कारण जादा खुर्च्या लावताना कोणीतरी एक दार झाकतोच. आणि पार्किंग: हजार प्रेक्षक म्हणजे पाचशेच्या आसपास दुचाक्या. मधल्या वाटांसकट हजार-बाराशे चौरस मीटर जागा लागते. ती हॉलच्या आवारात नसेल तर शेजारच्या सोसायट्या तिसऱ्या सामन्याला तक्रार करतात आणि चौथ्याला पोलिसांची एनओसी अडते.

शेवटचं कलम पर्यायी हॉलचं. हंगाम सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या एका हॉलशी सामन्यागणिक भाड्याचा साधा करार करून ठेवा, तिथे एकदा फ्लोअर लावून बघा, स्टँड दारातून आत जातो का ते मोजा. हायड्रॉलिक स्टँड मिटवल्यावरही दोन मीटरच्या आसपास उंच राहतो, आणि जुन्या हॉलांची मागची दारं बऱ्याचदा साडेसहा फुटांची असतात.